अर्धवट सोडलेला नॉरकल ४०ए: जुन्या हातून घेतलेल्या किटचे परीक्षण

‘सत्तर टक्के काम झाले आहे, उरलेले सगळे भाग पिशवीत आहेत’ एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर मी नॉरकल ४०ए या ट्रान्सिव्हरचे (संदेश पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या रेडिओचे) अर्धवट बांधलेले किट, म्हणजे स्वतः जोडायच्या भागांची पेटी, विकत घेतले. त्याच सुमारास दुसऱ्या एका हॅमकडून (हौशी रेडिओवाल्याकडून) बिटएक्स पद्धतीचा, पूर्णपणे घरी बांधलेला एक संचही घेतला. किटला छापील आराखडा आणि मोजून दिलेले भाग असतात, म्हणून ते निर्धोक. घरगुती बांधणी म्हणजे जोखीम, असे गृहीत धरून मी किटसाठी जास्त आणि होमब्रू संचासाठी कमी पैसे मोजले. प्रत्यक्षात नेमके उलटे घडले. ते का घडले हे नीट नोंदवून ठेवावे असे मला वाटते, कारण जुन्या आणि अर्धवट साहित्याची देवाणघेवाण आपल्या छंदात सतत चालते, पण त्या साहित्याची पारख कशी करावी यावर मात्र फारसे बोलले जात नाही.

नॉरकल ४० ची रचना वेन बर्डिक यांनी १९९३ मध्ये नॉर्दर्न कॅलिफोर्निया क्यूआरपी (कमी शक्तीच्या रेडिओच्या) क्लबसाठी केली आणि तिची सुधारलेली ४०ए ही आवृत्ती पुढे वाइल्डरनेस रेडिओने किटच्या रूपात विकली. हा ४० मीटरच्या पट्ट्याचा, केवळ सीडब्ल्यूसाठी (मोर्स संकेतांसाठी) असलेला, सुमारे दोन वॅट शक्तीचा संच आहे. ७ मेगाहर्ट्झचा संकेत २.१ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या व्हीएफओशी (डायलने वारंवारिता बदलता येणाऱ्या ऑसिलेटरशी) मिसळून ४.९१५ मेगाहर्ट्झवर आणायचा, चार क्रिस्टलांच्या फिल्टरमधून गाळायचा आणि दुसऱ्या मिक्सरनंतर एलएम३८६ या आवाज वाढवणाऱ्या चिपमार्फत हेडफोनपर्यंत पोहोचवायचा, इतका त्याचा मार्ग सरळ आहे. तो इतका स्वच्छ आहे की कॅलटेकमध्ये विद्यार्थ्यांना रेडिओचे इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यासाठी हाच संच वापरला गेला. जॅक आणि पोटेन्शिओमीटरसुद्धा थेट एकाच पीसीबीवर (छापील सर्किटच्या पाटीवर) बसतात, त्यामुळे आत तारांचे जंजाळ नसते. मूळ रचनेविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. उलट, एवढ्या कमी भागांत इतका शांत रिसीव्हर मी दुसरा पाहिलेला नाही. हे परीक्षण त्या रचनेचे नसून, दुसऱ्या कोणीतरी मध्येच थांबवलेल्या तिच्या एका प्रतीचे आहे.

पेटीत काय आले ते आधी सांगतो. पीसीबी, भागांच्या चार पिशव्या, रंगवलेली पेटी आणि बांधणीची पुस्तिका. पीसीबीवर वरून पाहता खरोखरच सत्तर टक्के जागा भरलेल्या होत्या. पुस्तिका मात्र कोरी होती. तिच्या एकाही पानावर खूण नव्हती, भागांच्या यादीवर टिक नव्हती, समासात पेन्सिलीचा एक आकडाही नव्हता. त्या क्षणी मला याचे गांभीर्य कळले नाही. हीथकिट या किट-कंपनीच्या जुन्या पुस्तिकांमध्ये प्रत्येक पायरीसमोर खूण करण्यासाठी कंस छापलेला असे. ती सोय नवशिक्यांसाठी आहे असे मी समजत होतो. आता माझे मत असे आहे की ती सोय मुख्यतः पुढच्या मालकासाठी आहे. पीसीबीवर बसवलेला भाग केवळ ‘बसवलेला’ दिसतो. तो तपासून बसवला, घाईत बसवला की काहीतरी बिघडल्यावर काढून पुन्हा बसवला, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. म्हणजे पुस्तिकेवर खुणा नसल्या की सत्तर टक्के झालेले काम प्रत्यक्षात शून्य टक्के खात्रीचे असते, आणि प्रत्येक जोड नव्याने संशयाने पाहावा लागतो.

मी तसेच केले. पहिल्या संध्याकाळी भिंग आणि भागांची यादी घेऊन बसलो. अडचण सर्वप्रथम टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या गाभ्यावरच्या वेटोळ्यांवर) दिसली. शेवटच्या लो-पास (नको असलेल्या वरच्या वारंवारिता अडवणाऱ्या) फिल्टरमधली एल७ आणि एल८ ही दोन वेटोळी टी३७-२ या लाल गाभ्यावर प्रत्येकी १८ फेऱ्यांची असतात. माझ्या पीसीबीवर एल८ लाल होते, पण एल७ च्या जागी काळसर करडा एफटी३७-४३ गाभा बसला होता, आणि ज्या टी१ ट्रान्सफॉर्मरसाठी तो फेराइट गाभा होता तिथे लाल गाभा गेला होता. आकाराने दोन्ही सारखेच असल्यामुळे अदलाबदल झाली असणार. लाल पूड-लोखंडाच्या गाभ्यावर फेऱ्यांच्या वर्गामागे ४ नॅनोहेन्री इंडक्टन्स मिळतो, तर त्या फेराइटवर सुमारे ३५०. म्हणजे जिथे १.३ मायक्रोहेन्री हवे होते तिथे शंभरच्या वर मायक्रोहेन्री बसले होते. असा संच चालू केला असता तर अँटेनापर्यंत जवळजवळ काहीच पोहोचले नसते आणि पॉवर ट्रान्झिस्टरला चुकीच्या भारावर राबावे लागले असते. डोळ्यांनी दिसणारी ही चूक होती म्हणून मी वाचलो.

डोळ्यांना न दिसणारी चूक व्हीएफओमध्ये होती, आणि तिने माझे सर्वाधिक दिवस घेतले. तिथले एल९ हे वेटोळे टी६८-७ या पांढऱ्या गाभ्यावर ६२ फेऱ्यांचे असते. इतके फेरे गुंडाळताना मोजणी चुकणे अगदी स्वाभाविक आहे, कारण तार छिद्रातून जितक्या वेळा जाते तितके फेरे धरायचे असतात, आणि पहिल्यांदा गुंडाळणाऱ्याच्या हे सहज लक्षात राहत नाही. व्हीएफओ चालू झाला तेव्हा त्याची वारंवारिता अपेक्षेपेक्षा तीसहून अधिक किलोहर्ट्झने वर होती. मी आधी ट्रिमरवर (बारीक जुळवणीच्या कॅपॅसिटरवर) संशय घेतला, मग पॉलिस्टायरीन कॅपॅसिटरांवर, कारण ते उष्णतेला फार हळवे असतात आणि सोल्डरिंगची इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की आतून विरघळून मूल्य बदलतात. दोन कॅपॅसिटर बदलूनही फरक पडला नाही. शेवटी वेटोळ्याचे जवळून छायाचित्र घेऊन ते पडद्यावर मोठे केले आणि एकेका फेऱ्यावर खूण करत मोजले. फेरे ६१ होते. एक फेरा कमी म्हणजे इंडक्टन्स सुमारे ३.२ टक्क्यांनी कमी, आणि वारंवारिता वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने ती १.६ टक्क्यांनी जास्त, २.१ मेगाहर्ट्झवर हा फरक जवळपास ३४ किलोहर्ट्झ होतो. ज्या संचाची संपूर्ण ट्यूनिंगची व्याप्तीच सुमारे ४० किलोहर्ट्झ आहे, त्याच्यासाठी एक फेरा म्हणजे जवळजवळ सगळा डायल. ट्रिमरने हा फरक काही अंशी झाकता आला असता, पण मूळ चूक माहीत असताना ती झाकून ठेवणे मला पटले नाही. नवी तार घेऊन मी ते वेटोळे पुन्हा गुंडाळले.

जुना भाग काढताना पीसीबीचे नुकसान होते, हेही इथेच नोंदवायला हवे. पीसीबी दोन्ही बाजूंनी तांब्याची आणि छिद्रांतून धातूचा मुलामा असलेली असल्यामुळे सोल्डर छिद्राच्या आत धरून बसतो. घाईने ओढले की मुलाम्यासकट वरचा पॅड (सोल्डर करायचा तांब्याचा ठिपका) निघून येतो. आधीच्या बांधणाऱ्यानेही दोन ठिकाणी असे भाग काढले होते. वरून सगळे व्यवस्थित दिसत होते, पण मल्टिमीटर लावल्यावर एका जागी वरच्या आणि खालच्या बाजूचा संबंध तुटलेला आढळला. म्हणून अर्धवट किट घेताना मी आता विक्रेत्याला सर्वप्रथम एकच गोष्ट विचारतो: एखादा भाग काढून पुन्हा लावला आहे का, आणि कोणता? या प्रश्नाचे ‘आठवत नाही’ हे उत्तर आले, तर मी ते प्रामाणिक मानतो आणि किंमत त्या हिशेबाने धरतो.

क्रिस्टलांचा प्रकार अधिक वाईट होता. या संचात ४.९१५२ मेगाहर्ट्झची सहा क्रिस्टल असतात, चार फिल्टरसाठी, एक बीएफओसाठी (मोर्स कानाला ऐकू येईल असा सूर करणाऱ्या ऑसिलेटरसाठी) आणि एक ट्रान्समीटरसाठी. ती एकमेकांशी जुळवून निवडलेली असतात, कारण फिल्टरची रुंदी काहीशे हर्ट्झच असते आणि त्यात एखादे क्रिस्टल दोन-तीनशे हर्ट्झने बाजूला असले तरी फिल्टर वाकडा होतो. ४.९१५२ मेगाहर्ट्झ ही संगणकीय उपकरणांतही नेहमी वापरली जाणारी वारंवारिता असल्यामुळे तसे क्रिस्टल सहज मिळते, आणि माझ्या पेटीत नेमके एक क्रिस्टल वेगळ्या उत्पादकाचे होते. मूळचे हरवले असणार आणि त्याजागी तोच छापील आकडा असलेले दुसरे आणून ठेवले असणार. रिसीव्हर चालला, पण फिल्टरमधून येणारा आवाज दबलेला होता, आणि डायल फिरवताना एकाच स्टेशनची दोन शिखरे ऐकू येत होती. यावर उपाय एकच: दहा-बारा क्रिस्टल घेणे, एक साधा ऑसिलेटर बांधून प्रत्येकाची वारंवारिता काउंटरवर मोजणे आणि उरलेल्या पाचांशी सर्वांत जवळचे निवडणे. त्या कामात मला आनंद झाला, हे मी मान्य करतो. पण ‘सगळे भाग पिशवीत आहेत’ हे विधान संख्येने खरे आणि अर्थाने खोटे होते. यादीप्रमाणे भाग मोजून देणे पुरेसे नाही. जे भाग मूळ किटमधले नाहीत ते वेगळे दाखवले पाहिजेत.

हरवलेले किंवा मोडलेले भाग पुन्हा मिळतील का, हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारायला हवा, नंतर नव्हे. रेझिस्टर, डिस्क कॅपॅसिटर, एलएम३८६, आठ व्होल्टचा रेग्युलेटर यांची काळजी करू नये, ते कुठेही मिळतात. एनई६०२ हा मिक्सर जुन्या डिप (दोन रांगांत लांब पाय असलेल्या) बांधणीत आता नव्याने मिळणे अवघड आहे, आणि त्या नावाने नकली चिपही विकल्या जातात. ट्यूनिंगसाठीचा एमव्हीएएम१०८ हा व्हॅरॅक्टर (व्होल्टेजनुसार कॅपॅसिटन्स बदलणारा) डायोडही उत्पादनातून गेलेला आहे. अर्धवट किटच्या पिशवीत हे दोन-तीन भाग शाबूत असतील, तर बाकी निम्मे भाग नसले तरी ते किट घेण्याजोगे असते, आणि हे नसतील तर सगळे रेझिस्टर असूनही उपयोग थोडा. भागांच्या संख्येवरून टक्केवारी सांगणाऱ्या विक्रेत्यांच्या लक्षात ही गोष्ट येत नाही, यात त्यांचा हेतू वाईट असतो असे मला मुळीच वाटत नाही.

हे किट मला हवे तसे चालायला तीन आठवड्यांच्या संध्याकाळी लागल्या. कोरे किट असते तर दोन शनिवार-रविवार पुरले असते.

आता त्या घरगुती संचाविषयी. बिटएक्स२० ही रचना अशहर फरहान यांनी २००३ मध्ये मांडली. सहज मिळणारे ट्रान्झिस्टर, १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर, दोन्ही दिशांनी चालणारे अँप्लिफायर आणि शेवटी आयआरएफ५१० हा मॉसफेट ट्रान्झिस्टर, एवढ्या सामग्रीत १४ मेगाहर्ट्झचा एसएसबी (आवाजाने बोलण्याचा) ट्रान्सिव्हर उभा राहतो. मूळ लेखात काही वेटोळी टोरॉइड गाभ्याऐवजी नळात वापरल्या जाणाऱ्या नायलॉन वॉशरवर गुंडाळण्याची युक्ती दिलेली आहे, आणि माझ्याकडे आलेल्या संचात ते वॉशर जसेच्या तसे होते. सर्व काही कोऱ्या तांब्याच्या पत्र्यावर, छोटे तुकडे चिकटवून त्यांवर सोल्डर केलेले. पाहणाऱ्याला तो संच विस्कळीत वाटेल. मलाही वाटला होता.

मात्र त्या गृहस्थांनी संचासोबत एक शाळकरी वही दिली होती. तिच्यात पहिल्या पानावर सर्किट हाताने काढलेले होते आणि मूळ रचनेपेक्षा जे जे बदलले ते लाल पेनने दाखवले होते. पुढच्या पानांवर चौदा ठिकाणचे व्होल्टेज, रिसीव्ह आणि ट्रान्समिट अशा दोन्ही अवस्थांत मोजून लिहिलेले, आयआरएफ५१० चा स्थिर प्रवाह, डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर) मोजलेली शक्ती, आणि प्रत्येक मोजमापासमोर दिनांक. शेवटच्या पानावर ‘अजून न सुटलेले’ असा मथळा होता आणि त्याखाली दोन तक्रारी प्रामाणिकपणे लिहिल्या होत्या: थंड असताना व्हीएफओ पहिली दहा मिनिटे सरकतो, आणि माइकच्या तारेला हात लागला की गुणगुण येते. संच माझ्याकडे आला तेव्हा मुकाच होता. मी वही उघडली, मल्टिमीटर घेतला आणि चौदा ठिकाणे क्रमाने मोजली. सातव्या ठिकाणी आकडा जुळला नाही. तिथून दोन इंचांवर प्रवासात तुटलेली एक तार सापडली. अर्ध्या तासात संच बोलू लागला. ज्या संचाला कंपनीची पुस्तिका नव्हती, त्याला वापरण्याजोगी पुस्तिका होती, आणि ज्याला छापील पुस्तिका होती त्याला एकही खरा आकडा नव्हता.

मी स्वतः माझा एक अर्धवट प्रकल्प, २० मीटरचा एक सुपरहेट रिसीव्हर, त्यानंतर विकला. या अनुभवाचा उपयोग करून मी पीसीबीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढली, पिशवीतला प्रत्येक भाग यादीशी जुळवून मोजला, बदललेल्या भागांसमोर फुली केली, आणि जिथे मी अडलो होतो ती जागा शब्दांत लिहिली. या सगळ्याला एक संध्याकाळ लागली. घेणाऱ्याने घासाघीस केली नाही. चिप स्थिरवीज-रोधक पिशवीत, गुंडाळलेली वेटोळी वेगळ्या डबीत जेणेकरून फेरे सरकणार नाहीत, आणि जड ट्रान्सफॉर्मर पीसीबीपासून पूर्ण वेगळा बांधलेला, एवढी काळजी पाठवताना घेतली. शिवाय अनेक देशांत ट्रान्समीटर बाळगायला परवाना लागतो, आणि विकणाऱ्याने घेणाऱ्याचा कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारी ओळख-अक्षरे) विचारणे यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

पूर्ण बांधलेल्या जुन्या किटचा हिशेब थोडा वेगळा असतो, आणि त्याबद्दल थोडक्यातच सांगतो. हीथकिटचा एचडब्ल्यू-८ हा १९७६ ते १९८३ या काळात विकला गेलेला चार बँडचा सीडब्ल्यू संच माझ्याकडे काही काळ होता. त्याची पुस्तिका आजही मिळते, आणि हजारो लोकांनी बांधलेला असल्यामुळे त्याच्या सवयी सगळ्यांना ठाऊक आहेत. अशा संचात जुने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलण्याची तयारी ठेवली की पुरेसे असते. तो घ्यायला मी कोणालाही सांगेन.

घरी बांधलेल्या किंवा अर्धवट सोडलेल्या उच्चदाबाच्या लिनियर (पाठवण्याची शक्ती वाढवणाऱ्या) अँप्लिफायरबद्दल मात्र मी इतका मोकळा नाही. दोन ३-५००झेड नलिकांच्या हीथकिट एसबी-२२० सारख्या संचात प्लेटवर सुमारे ३००० व्होल्ट असतात, आणि फिल्टर कॅपॅसिटरांवरचे ब्लीडर (साठलेली वीज काढून टाकणारे) रेझिस्टर जुने होऊन तुटले असतील तर प्लग काढल्यानंतरही तो दाब तिथेच बसून राहतो. कारखान्याच्या आराखड्याप्रमाणे बांधलेल्या संचात निदान कुठे काय आहे हे कागदावर असते. कोणीतरी स्वतःच्या कल्पनेने बांधलेला, सर्किट न दिलेला अँप्लिफायर कितीही स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही, आणि विकणाऱ्याने तो तसा विकू नये असेही माझे स्पष्ट मत आहे. तो भागांसाठी सुटा करून विकावा. नलिका, ट्रान्सफॉर्मर, व्हॅक्युम कॅपॅसिटर वेगवेगळे विकले तर त्यांना चांगली किंमत येते आणि कोणाच्या जिवावर बेतत नाही.

किंमत ठरवण्याविषयी माझा नियम साधा आहे. खुणा केलेली पुस्तिका किंवा मोजमापांची वही असेल, तर अर्धवट किटसाठी कोऱ्या किटच्या निम्म्याहून जास्त द्यायलाही मी तयार असतो. तसे काही नसेल, तर मी फक्त दुर्मिळ भागांची, पेटीची आणि रिकाम्या पीसीबीची किंमत धरतो. झालेल्या कामाची धरत नाही, कारण ते काम मला पुन्हा करावे लागणार असते.

माझा नॉरकल आता ५० ओहमच्या डमी लोडवर १.८ वॅट देतो, रिसीव्ह करताना १८ मिलिअँपिअर खातो आणि संध्याकाळी हेडफोन लावून ऐकत बसावे इतका स्वच्छ चालतो. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर लिहिले आहे: एल७ आणि टी१ चे गाभे अदलाबदल झाले होते, दुरुस्त केले. एल९ नव्याने गुंडाळले, ६२ फेरे, दोनदा मोजले. एक्स३ बदलले, नवे क्रिस्टल उरलेल्यांपासून ३० हर्ट्झच्या आत. व्हीएफओचे दोन पॉलिस्टायरीन कॅपॅसिटर बदलले, जुने चांगले होते, पिशवीत ठेवले आहेत. वरचा एक पॅड तुटला आहे, खालून तारेने जोडला आहे.